‘उसवण’ची किंमत

४ मार्च

पत्नीला जाऊन आज अठ्ठ्याहत्तर दिवस झाले. वजनमापे खात्यात निरीक्षक असताना मी रोज निरीक्षण-वही लिहीत असे. निवृत्तीनंतर ती सवय सुटली. मनातले कोणाशी बोलवत नसेल तर लिहून काढा, असे कन्येने फोनवर सुचवले. मनात विशेष काही नाही. तथापि आज नोंद घेण्याजोगी घटना घडली, म्हणून ही वही.

सकाळी साडेदहा वाजता एक गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या आसपास, दाढी दोन दिवसांची, सदऱ्याचे वरून दुसरे बटण वेगळ्या रंगाचे. हिच्या शिवणवर्गात सहा वर्षांपूर्वी दाखल झालेला एकमेव पुरुष तो हाच. घटस्फोटानंतर स्वतःची बटणे स्वतः लावता यावीत म्हणून आला होता, असे ही तेव्हा हसत सांगत असे. धंद्याने तो संगणकावरचे खेळ तयार करतो. या वहीत त्याला संगणकवाला म्हणेन.

हिच्या तसबिरीपुढे तो उभा राहिला. मी मोजले, चाळीस सेकंद. तसबीर डावीकडे तीन मिलिमीटर कलली होती, हे त्याच्या लक्षात आले नाही. मी कोटाच्या आतल्या खिशातून पोलादी पट्टी काढून ती सरळ केली, तेव्हा तो उगाच हसला.

मग त्याने सांगितले त्याचा सारांश असा. ही रोज दुपारी दोन ते पाच मागल्या खोलीत संगणकावर चित्रे काढीत बसे. मी ते भरतकामाचे नमुने समजत होतो. प्रत्यक्षात या दोघांनी मिळून चार वर्षांत एक खेळ तयार केला आहे. नाव ‘उसवण’. चित्रे आणि संवाद हिचे, यंत्रणा त्याची. इंटरनेटवरच्या खेळांच्या एका मोठ्या दुकानात तो विक्रीला आहे. तिथले खाते हिच्या नावावर आहे, कारण नोंदणीची फी हिने भरली होती. खातेदार हयात नसल्याचे कळल्यावर दुकानाने पैसे रोखून धरले. महिनाअखेरपर्यंत वारसाची कागदपत्रे आणि सही गेली नाही, तर खेळ फळीवरून उतरवण्यात येईल. आणि वीस एप्रिलला दुकानाची मोसमी सवलत सुरू होते. वर्षभराच्या विक्रीतला तीन चतुर्थांश भाग त्या पंधरवड्यातच होतो.

“एकदा खाली उतरला ना साहेब, की पुन्हा कोणाला सापडत नाही,” तो म्हणाला. “बाई तर गेल्या. निदान हे तरी राहू दे.”

विचार करून कळवतो, असे मी सांगितले. दाराशी चपला घालताना तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला की बाई त्याला नेहमी सांगत, अरे, घाई करू नकोस, टाका वाकडा जातो.

चौतीस वर्षांच्या संसारात हिने मला ‘अहो’खेरीज हाक मारली नाही. तीच आमच्याकडची रीत, आणि तीच योग्य. तरी ते ‘अरे’ दुपारभर कानातून जाईना.

९ मार्च

कन्येने दुकानाचा करारनामा छापून पाठवला. एक्केचाळीस पाने. कायदा वाचावा तसा वाचला, समासात पेन्सिलीने खुणा केल्या.

हे दुकान इतरांनी केलेली वस्तू फळीवर मांडते, गिऱ्हाइकाकडून पैसे घेते आणि शंभरातले तीस स्वतःकडे ठेवते. माल साठवत नाही, बांधत नाही, तोलत नाही. याला अडत म्हणतात. भाजीच्या घाऊक बाजारात अडत्यांचे काटे तपासण्यात मी बारा वर्षे काढली. त्यांतल्या सर्वांत निर्ढावलेल्या माणसानेही शंभराला तीस कापण्याची छाती केली नसती. पुढे सतराव्या पानावर आणखी एक कलम आहे. ज्याची विक्री अफाट आहे, त्याच्याकडून पंचवीस, त्याहून मोठ्याकडून वीस. लहानाकडून मात्र पुरते तीस. एकाच दुकानात दोन मापे. माझ्या हाती अधिकार असता तर पंचनामा केला असता.

दर्शनी पानावरची जागा विकत मिळत नाही, असे दुकान अभिमानाने सांगते. ते खरे असावे. जे खपते ते पुढे आणले जाते, कारण त्यात दुकानाचे तीस अधिक. जे खपत नाही त्याला कोणी हाकलत नाही. ते दाखवत नाहीत, इतकेच.

संगणकवाल्याने दिलेल्या हिशेबात शंभरातले तीस कमी भरत होते. चार दिवस मी त्याच्यावर अफरातफरीचा संशय ठेवून होतो. आज तो फिटला. प्रामाणिकपणे लिहायचे तर, फिटल्याचे वाईट वाटले.

आणखी एक नोंद. ज्यांना खेळ हवा आहे पण आज घ्यायचा नाही, ती माणसे तो आपल्या आवडीच्या यादीत टाकून ठेवतात. किंमत उतरली की दुकान त्यांना पत्र पाठवते. ‘उसवण’ अशा सहा हजार दोनशे चौदा लोकांच्या यादीत आहे. सहा हजार दोनशे चौदा माणसे हिच्यासाठी थांबली आहेत. त्यांतल्या एकानेही मला समाचाराचे पत्र धाडले नाही.

१३ मार्च

कोणत्याही मालाबद्दल मत बनवण्यापूर्वी नमुना घ्यावा, हा आमच्या खात्याचा नियम. म्हणून आज स्वतःच्या नावाने ‘उसवण’ विकत घेतला. किंमत दोनशे चाळीस. दुकानाचा नियम असा की, खेळ दोन तासांहून कमी वापरला असेल आणि घेऊन चौदा दिवस झाले नसतील, तर पूर्ण रक्कम परत. एक तास पन्नास मिनिटांवर थांबायचे असे ठरवून, घड्याळ शेजारी ठेवून बसलो.

पडद्यावर कपडे दुरुस्त करण्याचे एक छोटे दुकान आहे. खिडकी, फळी, दोऱ्यांची रिळे. शिवणारी बाई पूर्ण दिसत नाही, तिचे हात दिसतात. ते हात हिचे आहेत. अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा आहे, तोसुद्धा. मला बारा मिनिटे काही करता आले नाही. खेळ मात्र वेळ मोजत राहिला.

गिऱ्हाइके येतात, फाटलेले कपडे ठेवतात, आपण ते माऊसने शिवायचे, आणि शिवता शिवता ती बोलतात. पाववाली एप्रन आणते, पोस्टमन पिशवी आणतो. इथवर तक्रार नाही. परंतु एक कोटवाला आहे. तो रोज येतो, आणि त्याचा कोट आतून रोज त्याच जागी उसवलेला असतो. दुसऱ्या कोणाला तो ‘बरे आहात ना’ विचारत नाही. फळीची उंची मोजतो. दोन बटणांतले अंतर मोजून “दोन मिलिमीटर जास्त आहे” असे म्हणतो. पाववालीच्या तराजूकडे संशयाने पाहतो. असा चिकट, रूक्ष मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. आणि शिवणारी बाई त्याचा कोट मुद्दाम सर्वांच्या शेवटी घेते. तो आल्यावर खिडकीतला उजेड पिवळा होतो. त्याचा कोट शिवताना पडद्यावर सूचना येते: ‘शेवटचा टाका सैल ठेवा.’ का, तर तो उद्या पुन्हा यावा म्हणून.

तेवढ्यात एक तास पन्नास मिनिटे झाली. थांबलो.

कोटवाला कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. सहा वर्षे शिवणवर्गात बटणे लावायला येणारा दुसरा कोण आहे?

रकमेच्या परताव्याचा अर्ज केला. कारण लिहावे लागते. मी लिहिले: “वस्तू सदोष नाही. तथापि प्रमुख पात्र एका ग्राहकाशी दुकानदारीच्या मर्यादेबाहेर आपुलकीने वागते, हे विक्रीपूर्व वर्णनात नमूद केलेले नाही. सबब रक्कम परत मिळावी.”

१४ मार्च

रक्कम परत मिळाली. कोटाच्या आतल्या खिशाचे अस्तर पुन्हा उसवले आहे. हे काम हीच करीत असे. शिंप्याकडे टाकावा.

१८ मार्च

संगणकवाला पुन्हा आला. चहा मी केला. त्याने साखर मागितली नाही. आमच्याकडे साखरेचा डबा कुठे असतो हे ठाऊक असल्यासारखा उठला आणि घेऊन आला.

कागदपत्रांचे बोलणे झाले. अजून तेरा दिवस आहेत, असे मी म्हणालो. मग तो खेळाबद्दल बोलू लागला. दुकानाने त्यांना सुचवले होते की खेळाच्या आत बोटात घालायची सोनेरी अंगुस्ताने, रंगीत दोरे अशा शोभेच्या वस्तू थोड्याथोड्या पैशांत विका. मोठे खेळ विक्रीपेक्षा त्यातच अधिक कमावतात, आणि त्यातलेही तीस दुकानाचे. हिने साफ नकार दिला होता. “सुई हातात घ्यायला कोणी पैसे मोजायचे नाहीत,” असे ती म्हणाल्याचे त्याने सांगितले. आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवलं, असेही तो म्हणाला. आम्ही दोघांनी. त्या वेळी मी पलीकडच्या खोलीत होतो, भिंत नऊ इंचांची आहे.

जाता जाता त्याने सहज म्हणून विषय काढला. खेळ परत करणाऱ्यांची नावे विक्रेत्याला कळत नाहीत, कारणे कळतात. बहुतेक जण ‘कंटाळा आला’ एवढेच लिहितात.

“या आठवड्यात एकाने ‘सबब’ लिहिलंय,” तो म्हणाला. “साहेब, मला सांगायचं होतं. मी खेळ उघडायची चावी फुकट दिली असती.”

माझे कान तापले. परंतु आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून स्पष्टच विचारले की तो कोटवाला कोणावरून घेतला आहे.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग खाली पाहून म्हणाला, “बाईंनी सांगू नको म्हटलंय. शेवटपर्यंत खेळा ना तुम्ही.”

म्हणजे त्या दोघांत एक गुपित आहे, आणि ते माझ्यापासून राखायचे असे हिनेच ठरवले होते. तो हसत नव्हता, हे मला त्याहून अधिक लागले.

२३ मार्च

कन्येचा फोन. अर्धा तास. संगणकवाल्याने तिला गाठलेले दिसते. तिला खेळाबद्दल दोन वर्षांपासून माहिती होती. आई दुपारी काय करते हे तुम्ही कधी विचारलंत का, असा तिचा प्रश्न. मी म्हणालो की प्रत्येकाच्या कामाचा मान राखावा, त्यात नाक खुपसू नये, असे माझे तत्त्व आहे.

“बाबा, तत्त्व ठेवा बाजूला. सही करा,” ती म्हणाली. “तुम्ही त्या माणसावर रुसलात तर रुसा. आईवर कशाला रुसताय?”

रुसणे हा शब्द माझ्या वयाला शोभत नाही, एवढे तिला सांगितले.

२९ मार्च

वारसाची कागदपत्रे पाठवली, सही केली. सायंकाळी दुकानाचे उत्तर आले: खाते आता माझ्या नावे. संगणकवाल्याला कळवले. त्याने लगेच फोन करून आभार मानले. सवलतीची नोंद त्याने आधीच करून ठेवली आहे, वीस एप्रिलपासून निम्मी किंमत. आता काहीच करायचे नाही, फक्त कशाला हात लावू नका, असे त्याने दोनदा सांगितले.

माझ्या खात्यात मी कशाला हात लावावा हे तो सांगणार.

२ एप्रिल

आज सकाळी खाते उघडून पाहिले. यादीतली माणसे सहा हजार तीनशेवर गेली आहेत. वीस तारखेला त्या सगळ्यांना पत्र जाणार, आणि हिचे चार वर्षांचे काम एकशे वीसला विकले जाणार. ओट्यावरची शिळी भाजी संध्याकाळी देतात तसे. आणि ती सगळी माणसे हिच्या दुकानात शिरणार, हिचे हात पाहणार, आणि त्या कोटवाल्यासाठी शेवटचा टाका सैल ठेवणार. प्रत्येकाकडून तो सैल ठेवून घेतला जाणार, सहा हजार वेळा.

मी किंमत नऊशे केली. हिच्या कामाचे योग्य मूल्य तेवढे निश्चित आहे. चित्रे, संवाद आणि चार वर्षांच्या दुपारी धरल्या तर कमीच. ‘बदल नक्की करायचा आहे का?’ असे दुकानाने विचारले. नक्की, असे कळवले.

बऱ्याच दिवसांनी जेवण गेले.

३ एप्रिल

सकाळी सव्वाआठला संगणकवाल्याचा फोन. त्याने तेहतिसाव्या पानावरची तळटीप वाचून दाखवली. किंमत वाढवल्यापासून तीस दिवस त्या खेळावर कोणतीही सवलत देता येत नाही. किंमत पुन्हा खाली आणली तरी नाही. वीस तारखेची नोंद रात्री आपोआप रद्द झाली आहे. आमचा खेळ मोसमी सवलतीत नाही.

ही तळटीप मी वाचली होती. शेजारी पेन्सिलीने ‘योग्य तरतूद’ असे लिहिलेही आहे. आधी भाव चढवायचा आणि मग ‘निम्म्या किमतीत’ अशी पाटी लावायची, या लबाडीला आळा घालण्यासाठी ती आहे. याच गुन्ह्यासाठी मी नोकरीत तीन कापड दुकानदारांवर खटले भरले होते, आणि तिन्ही जिंकले होते.

“तुम्हाला माझा राग होता ना साहेब,” तो म्हणाला, “तर मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. मी खाल्ल्या असत्या. बाईंच्या खेळावर कशाला काढलात?”

किंमत पूर्ववत दोनशे चाळीस केली.

४ एप्रिल

दुकानाला विनंती-अर्ज पाठवला, चार परिच्छेदांचा. चूक माझी वैयक्तिक असून भागीदार निर्दोष आहे, हे स्पष्ट लिहिले. अकरा मिनिटांत उत्तर आले. नियम सर्वांना सारखा आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. अशी उत्तरे मी स्वतः तीस वर्षे लिहिली आहेत. चांगले लिहिले होते.

९ एप्रिल

आज ‘उसवण’ पुन्हा विकत घेतला. एक तास पन्नास मिनिटे झाली तेव्हा घड्याळ उलटे करून ठेवले. एका सूचनेवरून कळले की दोन तास उलटले. आता रक्कम परत मिळायची नाही.

दोन तासांनंतर खेळ बदलतो. पाववाली आणि पोस्टमन कमी येतात, कोटवाला अधिक वेळ थांबतो. एके दिवशी शिवणारी बाई त्याला “बसा ना” म्हणते, आणि तो बसतो. पुढच्या खेपेला तो दोन पेले चहा घेऊन येतो. मग विचारतो, “आज काय काय शिवलंत?” आणि ती सांगत राहते, किती तरी वेळ सांगत राहते, पडद्यावर तिची वाक्ये संपत नाहीत, आणि तो मधे एकदाही बोलत नाही. माझ्या मनात त्या माणसाविषयी जी चीड होती ती इथे एवढी वाढली की मी उठून पाणी पिऊन आलो.

परत येऊन त्याचा कोट उलटा केला. तोपर्यंत प्रत्येक वेळी फक्त उसवण दिसत असे. या वेळी त्या भोकातून काहीतरी निसटून फळीवर पडले. पोलादी पट्टी, पंधरा सेंटिमीटरची. चौदाच्या खुणेपाशी एक खाच.

मी माझी पट्टी खिशातून काढली आणि पडद्यावरच्या पट्टीला लावून पाहिली. चौदाच्या खुणेपाशी.

याहून अधिक आज लिहिता येत नाही.

११ एप्रिल

कन्येला फोन केला. मी काही बोलण्याआधीच तिने विचारले, “पोचलात का शेवटी?” कोटवाला कोण, हे तिला खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून ठाऊक होते. त्या कोटवाल्याला बघून ती आणि तिची आई पोट धरधरून हसल्या होत्या, असे तिने सांगितले, आणि मग रडली. मी ऐकत राहिलो.

खेळाचा शेवटही लिहून ठेवतो. एक दिवस कोटवाला येतो आणि दुकानात कोणी नसते. कोट फळीवर घडी करून ठेवलेला असतो. आतापर्यंत आपण त्या बाईच्या हातांनी शिवत होतो. आता पडद्यावर जाड बोटांचे, थरथरणारे हात येतात आणि सूचना दिसते: ‘सुई ओवा.’ मला ती ओवायला सव्वीस मिनिटे लागली. संगणकवाल्याने ते मुद्दाम अवघड केले असावे. किंवा हिने सांगून करवून घेतले असावे.

आता खरे ते लिहितो. मी तो आहे हे कळल्यावर समाधान वाटायला हवे होते. वाटले नाही. बटणे मोजणारा मी आहे, तराजूकडे संशयाने पाहणाराही मीच. परंतु चहाचे दोन पेले घेऊन जाणारा मी नव्हे. ‘आज काय काय शिवलंत’ हे वाक्य मी आयुष्यात उच्चारलेले नाही. हिने एकदा दारात येऊन विचारले होते, बघता का जरा, काहीतरी केलंय. मी वर्तमानपत्रातून डोके न काढता ‘नंतर’ म्हणालो. तिने पुन्हा विचारले नाही. त्या खोलीत गेली आणि तिला हवा तसा माणूस काढून बसवला.

त्या कोटवाल्याचा मला पूर्वी वाटत होता त्याहून अधिक मत्सर वाटतो. संगणकवाल्याला निदान घरातून घालवता आले असते.

२० एप्रिल

सवलत सुरू झाली. दुकानाचे दर्शनी पान रंगीबेरंगी पट्ट्यांनी भरले आहे; निम्मे, पाऊण, नव्वद टक्के उतरलेले. मी सकाळपासून पाने उलटत होतो. ‘उसवण’ कुठेच नाही. नाव टंकून शोधले तरच सापडतो, आणि ज्याला नाव माहीत नाही तो ते टंकणार कसे? आज दिवसभरात एक प्रत गेली.

२६ एप्रिल

विचारून, पत्ता घेऊन, संगणकवाल्याच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. खुर्च्यांवर कपडे, आणि प्रत्येक कपड्याचे बटण मात्र नीट लावलेले. त्याने एका रुग्णालयाच्या संगणक विभागात नोकरी धरली आहे, एक तारखेपासून. सवलतीच्या पैशांवर वर्षभर घरी बसून पुढचा खेळ करायचा बेत होता. हिने त्याची थोडी चित्रे काढून ठेवली आहेत. ती दाखवू का, असे त्याने विचारले. मी नको म्हणालो, मग हो म्हणालो.

क्षमा मागण्यासाठी मी दोन वाक्ये तयार करून गेलो होतो. पहिले अर्धवट झाले. त्याने मधेच थांबवून सांगितले की पहिली दोन वर्षे तोही माझा द्वेष करीत असे. कोटाचे एकेक दृश्य हिने अकरा-बारा वेळा बदलून घेतले, पाववालीचे मात्र एकदाच काढले.

“मी म्हटलं, बाई, ह्या खडूसापायी आपला खेळ रखडलाय,” तो म्हणाला. “तर म्हणाल्या, अरे, तो तसा नाहीये, नीट काढता येत नाहीये मला.”

मग मी विचारले की आता काय करता येईल. तीस दिवस दोन मेला संपतात. तीन तारखेपासून आपल्यापुरती सवलत लावता येईल, असे तो म्हणाला. दुकानाची गर्दी ओसरलेली असेल आणि दर्शनी पान मिळणार नाही. पण यादीतल्या लोकांना पत्रे जातील. त्यांतले पुरेसे लोक पहिल्या दिवशी आले, तर दुकान खेळ पुन्हा थोडाफार दाखवू लागते. नाही आले तर संपले. किंमत ठरवण्याचा अधिकार त्याच्या नावे लिहून देण्याची तयारी मी दाखवली. त्याने तो घेतला नाही. तुम्हीच बटण दाबा, पण मी शेजारी बसेन, असे म्हणाला.

३ मे

संगणकवाला रजा काढून नऊ वाजता आला. आम्ही मागल्या खोलीत बसलो, तो हिच्या खुर्चीवर आणि मी स्टुलावर. आजपर्यंत या खोलीत मी पाच मिनिटांहून अधिक बसलो नव्हतो. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. पोस्टमन, पाववाली, सगळे तिथूनच वर जातात.

ठरल्याप्रमाणे त्याने पन्नास टक्के असा आकडा घातला आणि माऊस माझ्याकडे सरकवला. यादीत सहा हजार चारशे दोन माणसे. मी आकड्याकडे पाहत बसलो. काय झाले, असे त्याने विचारले.

“साठ करा,” मी म्हणालो.

“साठ केले तर दुकानाचे तीस जाऊन आपल्या हातात फारसं काही उरत नाही साहेब.”

“मला ठाऊक आहे. माझा हिस्सा तुम्ही घ्या. पण आली पाहिजेत.”

त्याने खोडून साठ लिहिले. बटण मी दाबले, नऊ वाजून चाळीस मिनिटांनी.

पहिल्या पाऊण तासात सात. मग काहीच नाही. त्याने नखे खाल्ली, मी त्याला खाऊ नका म्हणालो. साडेअकराला एकेचाळीस, आणि त्यानंतर आकडा असा धावू लागला की तो ओरडून उठला आणि खुर्ची मागे पडली. दोन वाजता आम्ही उभ्या उभ्या जेवलो. चार वाजता दुकानाने ‘उसवण’ एका पानावर, तळाशी का होईना, स्वतःहून मांडला. त्याने मला ते दाखवले आणि डोळे पुसले. मी स्वयंपाकघरात गेलो, दोन पेले चहा करून आणला आणि त्याला विचारले की पुढच्या खेळात काय काय आहे. तो सांगत बसला. मी मधे बोललो नाही. अवघड गेले.

पाच वाजता सातशे एकोणीस. सातशे एकोणीस परकी माणसे आज चपला न काढता हिच्या दुकानात शिरली आहेत, हिचे हात पाहत आहेत. त्यांतला एकही मला आवडलेला नाही. उद्यापर्यंत हजार झाले तर बरे.